वाडग्यातलं पाणी

"बाई, ह्या वाडग्यातलां पाणी खंय गेलां?"

फिलूमावशी माझ्या खोलीच्या दारात उभी होती. हातात पांढरा चिनी मातीचा वाडगा होता आणि तो रिकामा होता. मी चटईवर उठून बसले. चारचा सुमार, एप्रिलअखेरचं ऊन. माडाची एक झावळी हलत नव्हती आणि समुद्राचा आवाज इतका सावकाश येत होता की दोन लाटांच्या मध्ये माणसाला पुन्हा झोप लागावी. मला वाटलं, मी अजून स्वप्नातच आहे, कारण हाच वाडगा मी आत्ता स्वप्नात पाहिला होता. तो दोन्ही हातांत धरून मी कुंपणाला वळसा घालून पलीकडे चालले होते, पाणी हिंदकळू नये म्हणून जपून पावलं टाकत होते आणि पायाखाली वाळू पोळत होती. कोणीतरी "पाणी... पाणी..." म्हणत होतं.

मी पायांकडे पाहिलं. तळव्यांना वाळू चिकटलेली होती.

"मी कोंसूबायला दिलं, मावशी," मी म्हणाले. "ती हाका मारत होती."

फिलूमावशीनं वाडगा पदराखाली घेतला आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे हे कसं झालं ते कळेल. मी खारेपाटणची. वडील मास्तर, घरात मालवणी बोललं की डोक्यात टपली बसायची, म्हणून माझी भाषा अशी पुस्तकी. चौऱ्याऐंशी साली माझी बदली मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत झाली आणि ख्रिश्चनवाडीत फिलूमावशीच्या घरची ओटीलगतची खोली मला भाड्यानं मिळाली. उन्हाळ्यात सकाळची शाळा. दुपारी जेवले की मी आडवी व्हायचे, आणि माझी झोप हा आमच्या घराण्यात चेष्टेचा विषय आहे. मी झोपेत बोलते, झोपेत कड्या काढते. एकदा म्हणे झोपेतच ओवाळणीचं ताट घेऊन शेजारच्या गुरुदासकाकांना ओवाळायला निघाले होते. त्यावर माझा विश्वास नव्हता. त्या दुपारपासून बसला.

फिलूमावशी साठीची, विधवा. लेक वांद्र्याला दिलेली. वाडीच्या टोकाला इगर्ज आहे, म्हणजे चर्च; तिथल्या वेदीवरची कापडं ती धूत असे. एकतीस वर्षं हेच काम. शुक्रवारी ती आंघोळ करून, केस घट्ट बांधून बसायची. त्या वेळी तिच्याशी कोणी बोलायचं नाही. लहान चौकोनी कापडं आधी त्या पांढऱ्या वाडग्यात साध्या पाण्यात बुडवायची, मग दुसऱ्या भांड्यात रिठ्यानं धुवायची, पेजेच्या निवळीत घालायची, सावलीत वाळवायची आणि कोळशाच्या इस्त्रीनं अशी इस्त्री करायची की घडीची कड बोटाला लागावी. वाडग्यातलं पाणी मात्र ती परसात, कुंपणाच्या कोपऱ्यात दगड रचून केलेल्या आळ्यात नेऊन ओतायची. तिथे चाफ्याचं एक झाड होतं. मला वाटायचं, म्हातारीचा त्या झाडावर जीव आहे.

वाडी तिला फार मान द्यायची. ती उपास पाळायची, खोटं बोलायची नाही, कोणाच्या पाठीमागे कोणाबद्दल बोलायची नाही. मासळी विकणाऱ्या बायका नळावर एकमेकींचा उद्धार करत असल्या आणि ही समोरून आली, तर त्यांची तोंडं आपोआप मिटायची. मीही तिला बिचकूनच असायचे. तिच्या घरात मी कधी ओला पाय टेकवला नाही.

आणि शेजारी कोंसू. फिलूमावशीची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांत एक कुडाचं कुंपण आणि एक सामाईक विहीर. कोंसूचा नवरा इनास जहाजावर गेला तो आलाच नाही, मूलबाळ नाही. पोटासाठी तिनं परसात भट्टी लावली आणि काजूची दारू विकली. तिच्या गिऱ्हाइकांत फिलूमावशीचा नवरा सांतान पहिला. नऊ वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या संध्याकाळी तो तिच्याकडून पिऊन निघाला आणि धक्क्यावरून खाडीत पडला. सकाळी ओहोटीला सापडला. त्या दिवसापासून फिलूमावशी जावेशी बोलली नव्हती. कोंसूनं भट्टी मोडली, तरी नाही. एवढंच असतं तर मी समजू शकले असते. पण कोंसू विहिरीवर येऊन कळशी भरून गेली की फिलूमावशी राख घेऊन काठ घासायची. एक शब्द न बोलता, तिच्या डोळ्यांदेखत. दोन-चारदा असं झाल्यावर कोंसूनं येणं सोडलं आणि ती शाळेच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. हे मला तुळसानं सांगितलं. तुळसा मासे विकायची आणि आता कोंसू अंथरुणाला खिळल्यावर सकाळ-संध्याकाळ तिला पेज भरवून जायची. ऐकून मला आमच्याकडचं सोवळं आठवलं होतं आणि बरं वाटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी काम अर्धं झालेलं असताना फादरांचं बोलावणं आलं. फिलूमावशीनं वाडग्यावर ताटली ठेवली, तो कोनाड्यात सरकवला आणि ती गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते पाणी तसंच ठेवलं असेल. तुळसा बाजारात होती. पलीकडे कोंसू पाणी मागत होती, आणि मी झोपेत उठले.

"तां पाणी पिऊचां नव्हतां गो," उंबऱ्यावर बसलेली फिलूमावशी म्हणाली. "मिसाक पाद्री ज्या कापडार ओस्त ठेयता, तेच्यार बारीक कण ऱ्हवतत. डोळ्याक दिसणत नाय. पण तो देव. म्हणान तां कापड पयल्या पाण्यात नुसतांच बुडवूचां आनी तां पाणी मोरीत सोडूचां नाय. जंय कोणाचो पाय पडणा नाय, थंय ओतूचां."

मीस म्हणजे त्यांची इगर्जीतली उपासना आणि ओस्त म्हणजे त्यांच्या प्रसादाची पातळ पांढरी भाकर, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या देवाचं मी काय करून बसले होते ते मला धड कळतही नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, आपण फादरांकडे जाऊ. मी सांगते माझी चूक."

फादर जुजे इगर्जीच्या व्हरांड्यात त्यांची ल्युना पुसत होते. मूळचे वसईकडचे, दम्याचे, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला स्टूल दिलं.

"बाई, घाबरू नका. मीस संपली की आमचा कप धुतात ना, ते पाणी मी स्वतः पितो. पिण्यानं त्याचा काही अपमान होत नाही."

"पण कोणी पिलां, फादर?" फिलूमावशीचा आवाज चिरका झाला होता.

"तहानलेल्या बाईनं." फादरांनी फडका खाली ठेवला. "फिलू, दुपारी मी तुला ज्यासाठी बोलावलं होतं, त्याचं काय?"

"सांगलंय मां दुपारी. कापड धाडतंय. वाती धाडतंय. माका बोलवू नकात."

ती पायऱ्या उतरून गेली. फादर माझ्याकडे वळले. कोंसूचं यकृत संपलं होतं, डॉक्टरनं आठवड्याचीही खात्री दिली नव्हती. आजारी माणसाच्या घरी फादर ओस्त घेऊन जातात. मरणाऱ्यासाठी ती शेवटच्या वाटेची शिदोरी. पण कोंसू घ्यायला तयार नव्हती. 'फिलू इली तर घेतलंय, नायतर तशीच जातलंय,' एवढंच म्हणत होती. फादर दोनदा परत आले होते.

"तुम्ही तिला आज्ञा का नाही करत?" मी विचारलं. मास्तरणीची सवय.

"आज्ञेनं ती जाईल हो," फादर म्हणाले, आणि त्यांना खोकला आला. "जाईल, कापड अंथरेल, परत येईल. आणि मग घरी येऊन पाय धुवेल."

त्या संध्याकाळी कापडं दोरीवर तशीच राहिली. समुद्रावर उजेड बराच वेळ रेंगाळला, पिवळट, मग राखाडी. मी ओटीवर बसून राहिले. त्या दिवसांतलं मला सगळं असंच आठवतं, कोणीतरी पाण्याखालून बोलत असावं तसं. कुडापलीकडे कोंसूचं कण्हणं ऐकू येत होतं आणि इकडे खुर्सापुढे, म्हणजे भिंतीवरच्या क्रुसापुढे, फिलूमावशीची जपमाळ चालली होती. दोन्ही आवाज एकाच लयीत होते आणि कोणता कोणाचा हे मला मध्येच कळेनासं व्हायचं. मला दोघींचंही वाईट वाटत होतं. फिलूमावशीचा थोडा रागही येत होता.

शनिवारी शाळेतून आले तर ती इस्त्री पुढ्यात घेऊन बसलेली. कोळसे पेटवलेले नव्हते. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तिणां कशां पिलां?"

"काय?"

"तां पाणी. कशां पिलां तिणां?"

मी आठवू लागले. झोपेतलं आठवणं कठीण असतं, पण ते मात्र लख्ख आठवलं. "मी टेकू देऊन उठवलं तिला. तिनं दोन्ही हातांनी वाडगा धरला. घोट घोट करून सगळं प्यायली, तळाचं चाटूनसुद्धा घेतलं. मग विचारलं, 'आमच्या बावीचां?' मी म्हटलं, हो, विहिरीचंच. 'चव वळाकली,' म्हणाली. आणि मग तो वाडगा तिनं कपाळाला लावला."

"कपाळाक लायल्यान?"

"हो. बराच वेळ धरून ठेवला होता."

फिलूमावशी इस्त्रीच्या मुठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या बोटांची कातडी पाण्यात राहून राहून पांढुरकी झालेली होती.

"एकतीस वर्सां मी जंय कोणाचो पाय पडणा नाय अशी जागा जपतंय," ती म्हणाली. "आनी तिच्या घराक नव वर्सां माजो पाय लागलो नाय."

ती उठली. दोरीवरचं एक कापड तिनं ओढून घेतलं, इस्त्री न केलेलं, सुरकुतलेलं, आणि ती परसातून निघाली. कुंपणाला पूर्वी जिथे वाट होती तिथे आता काटेरी शिरी लावलेली होती. ती तिनं हातानं बाजूला केली. बोटातून रक्त आलं तरी थांबली नाही. मी मेणबत्ती घेऊन मागोमाग गेले, कारण दुसरं काय घ्यावं ते मला कळलं नाही.

कोंसूच्या घरात अंधार होता. आपण उन्हातून आत गेलो की डोळ्यांपुढे हिरवं हिरवं येतं, तसं आलं. तुळसा पेजेची वाटी घेऊन बसली होती. आम्हांला बघून ती उभी राहिली आणि भिंतीला टेकली. खाटेवर कोंसू म्हणजे नुसतं फुगलेलं पोट आणि काटक्यांसारखे हात. डोळे मात्र जागे होते.

"इलंस?" ती म्हणाली.

"इलंय."

फिलूमावशीनं कापड उशाकडच्या स्टुलावर अंथरलं. तळव्यानं सुरकुत्या मोडायचा प्रयत्न केला, त्या मोडल्या नाहीत. मग ती खाटेच्या कडेवर बसली.

"मी दिलंय गो तेंका," कोंसू एका दमात म्हणाली. हे वाक्य ती किती दिवस तोंडात धरून होती कोण जाणे. "त्या दिसा नको देवक होतां. देवाचो दिस. दोन गिलास दिलंय. माका बक्श."

"ठावक आसा."

"बक्श माका."

फिलूमावशी खालच्या जमिनीकडे बघत होती. "तुज्याकडसून तो माज्या दारात इलो," ती म्हणाली. "मी खुर्सापुढे वाती लायलेलंय. घर सारवलेलां. तेच्या तोंडाक वास येय होतो. म्हटलंय, आज देवाच्या दिसाक ही घाण माज्या घरात नको. आनी कडी लायलंय. तीनदा दार वाजयल्यान गो. तीनदा. 'फिलू, माका आत घे,' म्हणा होतो. मी वातींपुढे बसान ऱ्हवलंय. मगे तो गेलो."

तुळसानं तोंडावर पदर धरला. मी दाराची चौकट धरली.

"नव वर्सां मी सगळ्यांका तुजी बाटली दाखयलंय," फिलूमावशी म्हणाली. "माजी कडी कोणाक दाखवूक नाय. फादराक पण नाय. मीच तेका भायर काढलंय."

बाहेर एक लाट फुटून मागे गेली, मग दुसरी. कोंसूनं हात हलवला, तो फिलूमावशीच्या मांडीपर्यंत पोचला.

"माका ठावक होतां," ती म्हणाली.

"काय?"

"कडी. हंयसून आयकाक इल्ली. तेंचो आवाज पण. मी तेंका हाक मारूक भायर इलंय, तवसर ते गेल्ले."

फिलूमावशी तिच्याकडे बघत राहिली. "मगे कोणाक बोलूक कित्या नाय? वाडी तुका कायकाय बोलली. मी बावीचो काठ राखेन घासलंय तुज्यासमोर."

"कोणाक बोलू?" कोंसूला धाप लागली. "तुजो घोव गेल्लो. तुज्याकडे तेवढांच उरलेलां, लोक बरी म्हणतत तां. तां पण काढून घेव?"

मी तेव्हा रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मला वाटायचं, पवित्र म्हणजे स्वच्छ. शाळेत मी मुलांची नखं बघायचे आणि मार्क द्यायचे. कोंसूच्या घरात कोपऱ्यात जळमटं होती, खाटेला वास येत होता, आणि तिनं नऊ वर्षं दुसरीची अब्रू झाकून स्वतः शिव्या खाल्ल्या होत्या. रोज, शाळेच्या विहिरीवरून पाणी वाहत.

फिलूमावशी रडली नाही. तिनं जावेचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर डोकं टेकलं. कोण कोणाला क्षमा करत होतं ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. मग ती उठली आणि नेहमीच्या आवाजात तुळसाला म्हणाली, "चुलीर पाणी ठेय. ह्या केसांची काय दशा झाली बघ."

दुपारभर ती कोंसूचे केस सोडवत बसली. आधी तेल, मग फणी, मग एकेक गुंता बोटांनी. कोंसूला झोप लागली, जागी झाली, पुन्हा लागली. मी दाराशी बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. मध्येच दोघी काही बोलत, लग्नातलं, कुठल्यातरी फेस्ताच्या जत्रेतलं, सांतानाच्या मिशीचं. एकदा दोघी हसल्यासारखं वाटलं. ते मी जागेपणी ऐकलं की झोपेत, ते मी आजही सांगू शकणार नाही.

रविवारी मीस आटपून फादर आले. मी मेणबत्ती धरली. फिलूमावशीनं कोंसूला पाठीशी टेकू देऊन बसवलं आणि फादरांनी ओस्त तिच्या जिभेवर ठेवली. स्टुलावर तेच सुरकुतलेलं कापड होतं. फादरांनी ते पाहिलं, फिलूमावशीकडे पाहिलं, आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली.

मंगळवारी पहाटे कोंसू गेली. शेवटचे तीन दिवस फिलूमावशी तिच्याच खाटेखाली चटई टाकून झोपत होती.

दफन त्याच दिवशी उतरत्या उन्हात झालं. त्यांची दफनभूमी इगर्जीच्या मागे, समुद्राच्या अंगाला, सगळी वाळूच. खोदलेला खड्डा कडेनं ढासळत होता. बऱ्याच बायका आल्या होत्या. कोंसूसाठी किती आणि फिलूमावशी काय करते ते बघायला किती, हे मी मोजलं नाही. फादरांची प्रार्थना संपली, पेटी दोरांवरून खाली गेली. त्यांच्यात पहिली मूठ घरच्या माणसानं टाकायची असते, मग बाकीच्यांनी. दोर ओढून घेत खड्डा खणणारा लवू म्हणाला, "घरचां कोण आसा?"

कोणी हललं नाही. त्या घरात कोणीच उरलं नव्हतं हे लवूलाही ठाऊक होतं; सवयीनं विचारून गेला असेल.

फिलूमावशी पुढे झाली. तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, वाकली आणि वाळूची मूठ भरली.

"ही माजी," ती म्हणाली, आणि मूठ खाली सोडली.

मागच्या बायका पुढे सरकू लागल्या. पण ती सरळ झाली नाही. पुन्हा वाकली. दुसरी मूठ भरायला तिला वेळ लागला, अर्धी वाळू निसटत होती. फादरांनी हातानं सगळ्यांना थांबवलं.

"ही सांतानाची," ती म्हणाली.

मग ती बाजूला झाली आणि मागच्यांना वाट दिली.